उंची कमी केलेल्या गाडीच्या मागच्या चाकांची पकड: ब्रॅकेट, आर्म आणि बुश यांचे परीक्षण

गाडीची उंची पुढून आणि मागून ३५ मिलीमीटरने कमी केल्यावर तिचे वळणातले वागणे मनासारखे झाले. पण पहिल्या गिअरमध्ये जोर देताच मागची चाके जागच्या जागी फिरू लागली आणि ओल्या रस्त्यावर दुसऱ्या गिअरमध्येही तोच प्रकार घडू लागला. इंजिन तेच होते, टायर तेच होते, बदलल्या होत्या फक्त स्प्रिंगा. त्यानंतरच्या वर्षभरात मी मागच्या सस्पेन्शनचे भाग एकेक करून बदलले आणि प्रत्येक बदलानंतर वाहतुकीसाठी बंद असलेल्या त्याच एका पट्ट्यावर, टायरमध्ये तेवढीच हवा ठेवून, गाडी तपासली. दोन भाग एकाच वेळी बदलायचे नाहीत हे पथ्य मी शेवटपर्यंत पाळले, कारण एकाच दिवशी सगळा संच बसवला तर फरक कशामुळे पडला ते कधीच कळत नाही. हे परीक्षण त्या भागांचे आहे. एकाच प्रकारचा भाग अनेक उत्पादक जवळपास सारख्याच आकाराचा बनवतात, म्हणून येथे नावांऐवजी रचना, माप आणि प्रत्यक्ष परिणाम यांवर भर दिला आहे.

गाडीची मागची रचना आधी सांगणे आवश्यक आहे, कारण खाली दिलेले बहुतेक निष्कर्ष तिच्याशी बांधलेले आहेत. मागे ठोस ॲक्सल आहे, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच अखंड दांडा. त्याला दोन खालचे कंट्रोल आर्म पुढे-मागे धरून ठेवतात, आडवा पॅनहार्ड रॉड डावी-उजवीकडे सरकू देत नाही, आणि डिफरन्शिअलच्या (दोन्ही चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या गिअरसंचाच्या) घरापासून पुढे गिअरबॉक्सच्या शेपटीपर्यंत जाणारा लांब टॉर्क आर्म ॲक्सलला स्वतःभोवती पिळू देत नाही. १९८२ ते २००२ या काळातल्या शेवरले कॅमारो आणि पॉन्टिॲक फायरबर्ड या गाड्यांमध्ये हीच मांडणी आहे. १९७९ ते २००४ या काळातल्या बहुसंख्य फोर्ड मस्टँगमध्ये चार लिंका (ॲक्सल धरणारे आर्म), तर २००५ ते २०१४ या काळातल्या मस्टँगमध्ये तीन लिंका आणि पॅनहार्ड रॉड आहेत. खालच्या आर्मांविषयीचे विवेचन त्या गाड्यांनाही पुष्कळ अंशी लागू पडते, मात्र आकडे लागू पडणार नाहीत.

भाग निवडताना एक गैरसमज सर्वांत महाग पडतो, तो म्हणजे अमुक आर्म किंवा ब्रॅकेट लावल्याने मागच्या चाकांवर अधिक वजन येते हा. वेग वाढताना पुढच्या चाकांवरचे किती वजन मागे जाईल हे गाडीचे वस्तुमान, वेग वाढण्याचा दर, गुरुत्वमध्याची उंची आणि दोन ॲक्सलांमधील अंतर या चार गोष्टींवरच ठरते. माझी गाडी चालकासह सुमारे १६०० किलोची, ॲक्सलांमधील अंतर २५६८ मिलीमीटर, आणि गुरुत्वमध्याची उंची मूळच्या स्थितीत अंदाजे ५४५ मिलीमीटर धरली, तर गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्या त्वरणाला सुमारे १७० किलो भार मागे जातो. गाडी ३५ मिलीमीटर खाली आणली की तोच आकडा १५९ वर येतो. म्हणजे उंची कमी करण्याने मागच्या चाकांचे ११ किलो आधीच गेले, आणि कोणताही आर्म ते परत आणू शकत नाही. सस्पेन्शनच्या भागांच्या हातात एवढेच आहे की जाणारा भार स्प्रिंगांतून हळूहळू पोहोचावा की आर्मांतून तत्काळ, आणि तो पोहोचल्यावर टायर रस्त्यावर शांतपणे टेकलेला राहावा की थडथडावा. पकड कमावली किंवा गमावली जाते ती याच दोन ठिकाणी.

उंची कमी केल्यावर नेमके काय बिघडले ते पट्टी आणि कोनमापक घेऊन गाडीखाली गेल्यावर दिसले. खालच्या आर्मची लांबी, एका बोल्टच्या मध्यापासून दुसऱ्या बोल्टच्या मध्यापर्यंत, ४८० मिलीमीटर आहे. मूळ उंचीला आर्मचे ॲक्सलकडचे टोक चेसिसकडच्या टोकापेक्षा १२ मिलीमीटर खाली होते. उंची कमी केल्यावर चेसिस खाली आली, ॲक्सल मात्र टायरवर उभा असल्याने जागीच राहिला, आणि आर्मचे मागचे टोक पुढच्या टोकापेक्षा २३ मिलीमीटर वर गेले. कोनात सांगायचे तर दीड अंशाच्या खालच्या उतारावरून पावणेतीन अंशांच्या वरच्या चढावर, म्हणजे एकूण सुमारे ४ अंशांचा फरक. चाके गाडीला पुढे ढकलतात ती या आर्मांमधूनच. आर्म मागे खाली आणि पुढे वर असेल, तर त्या ढकलण्याचा काही अंश चेसिसला वर उचलतो आणि त्याच जोराने ॲक्सलला खाली, रस्त्याकडे दाबतो. आर्म उलटा कलला की तोच अंश चेसिसला खाली ओढतो आणि ॲक्सलला रस्त्यापासून उचलू पाहतो. जोर देताच गाडी मागून बदकन बसायची आणि टायर सुटायचे, त्यामागे हे साधे कारण होते.

या परिणामाचे मोजमाप अँटी-स्क्वॉटच्या, म्हणजे जोर देताना गाडी मागून बसण्याला होणाऱ्या विरोधाच्या, टक्केवारीत करतात. टॉर्क आर्मच्या गाडीत ते काढणे सोपे आहे: गाडीच्या बाजूने पाहताना खालच्या आर्मची रेषा पुढे वाढवायची, टॉर्क आर्मच्या पुढच्या आधारातून उभी रेषा काढायची, आणि दोन्ही जिथे छेदतात त्या बिंदूतून मागच्या टायरच्या जमिनीवरील टेकणीपर्यंत एक रेषा ओढायची. ही शेवटची रेषा पुढच्या ॲक्सलच्या वर गुरुत्वमध्याच्या उंचीएवढी चढत असेल तर अँटी-स्क्वॉट शंभर टक्के, म्हणजे मागे येणारा सर्व भार आर्मांतून जातो आणि मागच्या स्प्रिंगा दबत नाहीत. माझ्या गाडीत टॉर्क आर्मचा पुढचा आधार ॲक्सलपासून १४०० मिलीमीटरवर आहे. मूळ स्थितीत हिशेब ९६ टक्क्यांच्या आसपास येत होता. उंची कमी केल्यावर तो ६६ वर घसरला.

त्यामुळे पहिली खरेदी कोणती हा प्रश्नच उरला नाही. ॲक्सलवरील आर्मचे टोक खाली नेणारी ब्रॅकेटची जोडी हा या सगळ्या संचातला सर्वांत साधा, सर्वांत कमी गाजावाजा होणारा आणि सर्वांत उपयोगी भाग आहे, हे मी पूर्ण खात्रीने लिहितो. मी घेतलेल्या जोडीत मूळ जागेपेक्षा २५, ४५ आणि ६५ मिलीमीटर खाली अशी तीन छिद्रे आहेत. वरच्या छिद्रात आर्म जवळपास सपाट होतो आणि अँटी-स्क्वॉट ८३ टक्के येते. मधल्या छिद्रात मागचे टोक २२ मिलीमीटर खाली जाते आणि आकडा ९७ होतो, म्हणजे मूळ स्थितीच्या अगदी जवळ. तळच्या छिद्रात तो १११ च्या घरात पोहोचतो. मधल्या छिद्रात आर्म लावून, बाकी एकही भाग न बदलता, पहिल्यांदा जोर दिला तेव्हा गाडीचा मागचा भाग बसलाच नाही आणि टायरने रस्ता धरला. मूळ बुश (आर्मच्या टोकातले रबरी अस्तर), मूळ आर्म आणि मूळ शॉक ॲब्सॉर्बर असतानाचा हा फरक आहे, म्हणून तो मी विशेष महत्त्वाचा मानतो.

मग तळचे छिद्र आणखी चांगले ठरायला हवे, असे कोणालाही वाटेल आणि मलाही वाटले. सरळ पट्ट्यावर निघताना ते थोडे सरस ठरतेही. परंतु त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. पहिली ब्रेक लावताना: ठोस ॲक्सलवर ब्रेकची प्रतिक्रिया याच आर्मांतून चेसिसकडे जाते, त्यामुळे जोर देताना चेसिसला उचलणारी भूमिती जोरात ब्रेक लावताना मागचा भाग खाली ओढते आणि ॲक्सलवरचा भार कमी करते. तळच्या छिद्रात, खडबडीत भागावर कडक ब्रेक लावताच मागची चाके टपटप उड्या मारू लागली. मधल्या छिद्रात तसे एकदाही झाले नाही. दुसरी किंमत वळणात मोजावी लागते. गाडी एका बाजूला कलली की बाहेरचा आर्म वर आणि आतला खाली जातो. मागे उतरलेल्या आर्मामुळे बाहेरचे चाक किंचित मागे आणि आतले किंचित पुढे सरकते, आणि अख्खा ॲक्सल वळणाच्या बाहेरच्या दिशेला तोंड करतो. दोन आर्मांमधील अंतर ९०० मिलीमीटर आणि कलणे ३ अंश धरले तर मधल्या छिद्रात ही दिशा सुमारे ०.१४ अंशांनी बदलते, तळच्या छिद्रात सुमारे ०.२६ अंशांनी. आकडा लहान दिसतो, पण वेगात लांब वळण घेताना मागचा ॲक्सल पाव अंशाने बाहेर वळल्याचे हातांना लगेच कळते. गाडी वळणात शिरल्यानंतर मागून आणखी थोडी फिरते आणि स्टिअरिंग परत सोडावे लागते. फक्त सरळ धावायचे असेल तर तळचे छिद्र ठीक. ज्यांची गाडी वळणांवरही धावते त्यांनी मधल्या छिद्राच्या खाली जाऊ नये, आणि आधी वरचे छिद्र वापरून पाहावे.

ब्रॅकेट निवडताना आणखी एक मोजमाप करावे, ज्याचा उल्लेख वेष्टनावर कुठेही नसतो. उंची कमी केलेल्या गाडीखाली ब्रॅकेटचे तळचे टोक जमिनीच्या बरेच जवळ येते. टायरमधली हवा पूर्ण गेली तर गाडी रिमच्या कडेवर टेकते, आणि त्या वेळी ब्रॅकेट रिमच्या कडेपेक्षा वर असलेच पाहिजे. नाहीतर चालत्या गाडीत ते रस्त्याला घासेल किंवा अडकेल. माझ्या गाडीत रिमची खालची कडा जमिनीपासून सुमारे ११० मिलीमीटरवर आणि ब्रॅकेटचे टोक १६० वर आहे, म्हणून चिंता नाही. बारीक टायर आणि मोठे रिम असतील तर रिमची कडा आणखी खाली जाते आणि मोकळीक उलट वाढते. जाड टायर आणि लहान रिम असतील तिथे मात्र पट्टी लावूनच खरेदी करावी. बोल्टने बसणारे ब्रॅकेट की वेल्डिंगचे, याविषयी माझे मत स्पष्ट आहे: मूळ बोल्टच्या जागेखेरीज ॲक्सलच्या नळीभोवती किंवा मूळ ब्रॅकेटच्या बाजूंना दुसरा पक्का आधार असेल तर बोल्टचे चालते, एकाच बोल्टवर लटकणारे ब्रॅकेट मात्र फिरू पाहते आणि छिद्र लांबट करून टाकते.

ब्रॅकेटनंतरचा प्रश्न आर्मांचा, आणि येथे मी स्वतः चूक केली. मूळचे आर्म पत्रा दाबून केलेले, खालून उघडे असतात आणि पिळले तर वाकतात. म्हणून नळीचे, भक्कम आणि दोन्ही टोकांना कडक पॉलियुरेथेनचे बुश असलेले आर्म घ्यावेत, असा सरसकट सल्ला मिळतो. मी तसे आर्म घेतले. निघतानाची थडथड खरोखरच कमी झाली, कारण जोर देताना रबरी बुश दाबला जाऊन परत उसळी घेत होता आणि कडक बुश तसे करत नाही. पण दोनच आठवड्यांत वळणातली गाडी अनोळखी वाटू लागली. आधी मागची चाके सुटण्यापूर्वी सूचना देत असत, आता ती सूचनेशिवाय सुटू लागली.

कारण शोधण्यासाठी मी जे केले ते प्रत्येकाला करता येईल. मागच्या स्प्रिंगा काढल्या, शॉक ॲब्सॉर्बर आणि अँटी-रोल बार (वळणात गाडीचे कलणे रोखणारा दांडा) सोडवले, चेसिस स्टँडवर पक्की ठेवली आणि ॲक्सलचे एकच टोक जॅकने उचलले. स्प्रिंग नसताना ॲक्सल केवळ स्वतःच्या वजनाने हलायला हवा. रबरी बुश असताना तो जवळपास तसाच हलत होता. पॉलियुरेथेनच्या जोडीवर मात्र काही अंतर वर गेल्यावर तो अडला, आणि आणखी उचलला तर चेसिस स्टँडवरून हलकी होऊ लागली. गाडी कलते तेव्हा ॲक्सलचे एक टोक वर आणि दुसरे खाली जाते, आणि प्रत्येक आर्मला स्वतःच्या लांबीभोवती पिळावे लागते. पत्र्याचा उघडा आर्म आणि रबर हे पिळणे सोसतात. नळी पिळत नाही आणि कडक बुश वाकत नाही, म्हणून दोन्ही आर्म मिळून एका अनाहूत, अतिशय ताठ अँटी-रोल बारचे काम करू लागतात. तोही असा की ज्याचा ताठरपणा थोडे अंतर गेल्यावर एकदम वाढतो. वळणातून बाहेर पडताना आतले मागचे चाक हलके होते आणि सुटते, ते याच अडण्यामुळे. त्रिकोणी मांडणीतले चार आर्म असलेल्या गाड्यांमध्ये तर वरचे आर्म मुळातच बुशच्या लवचीकतेवर अवलंबून असतात, त्यामुळे तिथे सगळीकडे कडक बुश घालणे हा सर्वांत वाईट निर्णय ठरतो.

ती जोडी काढून मी ज्या आर्मांवर आलो त्यांत चेसिसकडच्या टोकाला गोलाकार जॉइंट आहे आणि ॲक्सलकडे मध्यम कडक रबर. गोलाकार जॉइंट लांबीच्या दिशेने अजिबात दबत नाही, पण पिळण्याला काहीच विरोध करत नाही. आपल्याला हवे ते नेमके हेच. जॅकच्या त्याच चाचणीत ॲक्सल पूर्ण अंतरात मोकळा हलला. निघतानाची थडथड पॉलियुरेथेनइतकीच कमी राहिली आणि वळणातली सूचना परत आली. याचे तोटेही नोंदवतो: डिफरन्शिअलचा बारीक कुईं असा आवाज पूर्वी आत येत नसे, तो आता एका ठरावीक वेगाला ऐकू येतो, आणि धूळ व पाणी यांपासून जॉइंटला जपावे लागते. उघडा रॉड एंड, म्हणजे टोपण नसलेला गोलाकार जॉइंट, रोजच्या रस्त्यावर लवकर खुळखुळू लागतो. रबरी टोपण आणि ग्रीसचे निपल असलेला जॉइंट घ्यावा, आणि तो झिजल्यावर एकटा बदलता येतो का ते खरेदीपूर्वी पाहावे. माझ्या पॉलियुरेथेनच्या जोडीच्या उत्पादकाने सुटे बुश देण्यास नकार दिला होता, हेही लक्षात असू द्यावे.

आर्मची लांबी बदलता येणारी असावी का? खालच्या आर्मांसाठी माझे उत्तर बहुधा नाही असे आहे. लांबी बदलण्याची सोय म्हणजे आटे आणि लॉक नट, आणि दोन्ही बाजूंची लांबी मिलीमीटरपर्यंत सारखी ठेवण्याची जबाबदारी. एका बाजूला २ मिलीमीटरचा फरक राहिला तरी ॲक्सल तिरका बसतो आणि गाडी सरळ धावताना तिरपी चालते. ॲक्सल मुळात गाडीशी काटकोनात असेल आणि चाक कमानीच्या मध्यावर असेल, तर ठरलेल्या लांबीचे आर्म अधिक विश्वासाचे.

टॉर्क आर्मच्या बाबतीत मात्र कोन बदलण्याची सोय जवळपास अनिवार्य आहे. चेसिस ३५ मिलीमीटर खाली आल्यावर १४०० मिलीमीटर लांबीच्या आर्मचे पुढचे टोकही तेवढेच खाली येते आणि पिनियनचे (डिफरन्शिअलमधल्या, शाफ्टला जोडलेल्या गिअरचे) नाक सुमारे १.४ अंशांनी खाली झुकते. त्याबरोबर गिअरबॉक्सची शक्ती ॲक्सलकडे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोनही बदलतो, आणि त्याच्या दोन्ही टोकांच्या युनिव्हर्सल जॉइंटांचे (कोनात फिरू देणाऱ्या सांध्यांचे) कोन एकमेकांना भरून काढेनासे झाले की एका ठरावीक वेगाला गाडीभर घरघर जाणवते. ती माझ्या गाडीत जाणवत होती आणि मी तिचा दोष कित्येक दिवस टायरच्या बॅलन्सिंगला देत होतो. जोर देताना ॲक्सलचे घर नाक वर करून पिळू पाहते, म्हणून उभ्या गाडीत पिनियन थोडे खाली झुकलेले ठेवायचे असते. कडक जॉइंट असतील तर १ ते २ अंश पुरतात, रबरी आधार असतील तर थोडे अधिक लागतात. मी दीड अंशावर स्थिरावलो आणि घरघर गेली.

टॉर्क आर्म घेताना लांबीचा मोह टाळावा, किंबहुना आखूडपणाचा. सुमारे १००० मिलीमीटरचे आखूड आर्म पकड वाढवतात असे सांगून विकले जातात आणि हिशेबाने ते खोटेही नाही: मधल्या छिद्रासह माझ्या गाडीत अँटी-स्क्वॉट सव्वाशे टक्क्यांवर जाईल. पण ब्रेक लावताना उड्या मारण्याचा दोषही त्याच प्रमाणात वाढतो. मी मूळच्या लांबीजवळचा, पण पुढचा आधार गिअरबॉक्सऐवजी स्वतंत्र क्रॉसमेंबरवर घेणारा आर्म निवडला. गिअरबॉक्सच्या शेपटीवर येणारा मार थांबला आणि निघतानाची प्रतिक्रिया दर वेळी सारखी येऊ लागली. या आर्मला पुढच्या टोकाला थोडे पुढे-मागे सरकण्याची मोकळीक असलीच पाहिजे. ती नसेल तर तो खालच्या आर्मांशी भांडतो आणि बुश फाटतात.

पॅनहार्ड रॉडविषयी थोडक्यात. उंची बदलली की हा रॉड आपल्या टोकाभोवती फिरतो आणि ॲक्सलला एका बाजूला सरकवतो. माझ्याकडे ॲक्सल ४ मिलीमीटर सरकला होता, म्हणजे एका बाजूची मोकळीक दुसरीपेक्षा ८ मिलीमीटर जास्त. लांबी बदलता येणारा रॉड लावून तो मध्यावर आणला. यामुळे सरळ रेषेतली पकड वाढली असे मी म्हणणार नाही, पण रुंद टायर आतल्या बाजूला घासण्याचा धोका गेला. रॉडची दोन्ही टोके शक्य तितकी एका उंचीवर आणता आली तर डावे आणि उजवे वळण सारखे वाटते.

स्प्रिंगांवर मी फार काळ घालवला नाही. मागच्या एका कोपऱ्यावरचे वजन ३४० किलो धरले तर मिलीमीटरला २६ न्यूटनच्या स्प्रिंगवर तो कोपरा सेकंदाला सुमारे १.४ वेळा झुलतो, ३५ न्यूटनच्या स्प्रिंगवर १.६ वेळा. रोज चालणाऱ्या गाडीला मागे याहून ताठ स्प्रिंग पकडीसाठी उपयोगाची नाही, उलट खडबडीत रस्त्यावर टायर हलका राहतो. खरा गुन्हेगार बहुधा बंप स्टॉप, म्हणजे ॲक्सलला वर येताना शेवटी अडवणारा रबरी ठोकळा, असतो. माझ्या गाडीत खाली बसण्याची मोकळीक ७५ मिलीमीटरवरून ४० वर आली होती, आणि वळणातून जोर देत बाहेर पडताना एखादा उंचवटा आला की ॲक्सल बंप स्टॉपवर आपटून उसळत असे. त्या क्षणी मागची स्प्रिंग जणू दगड होते. मूळ रबर कापून टाकण्याऐवजी हळूहळू कडक होत जाणारे, आखूड, फेसासारख्या पॉलियुरेथेनचे बंप स्टॉप लावावेत. हा संचातला सर्वांत लहान भाग आणि त्याची आठवण सर्वांत शेवटी होते.

शॉक ॲब्सॉर्बर मात्र स्प्रिंगांसोबतच बदलायला हवे होते. मूळचे शॉक मूळच्या मऊ स्प्रिंगसाठी जुळवलेले असतात; ताठ स्प्रिंगची उसळी त्यांना आवरत नाही आणि आखूड उंचीवर ते आपल्या अंतराच्या तळाशी काम करतात. मी आखूड शरीराचे आणि उसळीकडचा (शॉक ताणला जातानाचा) रोध बदलता येणारे शॉक घेतले. अँटी-स्क्वॉट शंभर टक्क्यांजवळ आल्यावर निघताना मागचा भाग बसत नसल्याने बंपकडची (शॉक दाबला जातानाची) जुळवणी सरळ पकडीत फारशी बोलत नाही. उसळीकडची मात्र बोलते. ती फार सैल ठेवली तर ॲक्सल पहिल्या धक्क्याला रस्त्यावर दाबला जातो पण लगेच मागे उसळतो, फार घट्ट ठेवली तर खड्ड्यात चाक खाली उतरायला उशीर करते. माझ्या शॉकला आठ टप्पे आहेत आणि मी सैल टोकापासून तिसऱ्यावर थांबलो.

उरतो तो उजव्या मागच्या चाकाचा प्रश्न. ठोस ॲक्सलच्या गाडीत प्रोपेलर शाफ्ट मागून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो आणि ॲक्सललाही त्याच दिशेने पिळू पाहतो; त्यामुळे डावे चाक दाबले जाते आणि उजवे हलके होते. शाफ्टवर १२०० न्यूटन-मीटरचा पीळ असेल आणि दोन चाकांमधील अंतर दीड मीटरच्या आसपास असेल, तर चेसिसची प्रतिक्रिया वजा जाताही दोन चाकांच्या भारात प्रत्येकी सुमारे ५० किलोची वाढ-घट होते. ही प्रतिक्रिया मागच्या बाजूने जितकी अधिक सोसली जाईल तितका हा फरक कमी होतो, म्हणून मागचा अँटी-रोल बार थोडा ताठ करणे सरळ पकडीला मदत करते. वळणात मात्र तोच ताठ बार आतले चाक उचलतो. मी दोन्ही टोके वापरून पाहिली आणि मूळच्या बारपेक्षा एकच माप जाड, लांबी बदलता येणाऱ्या दुव्यांसह, असा बार ठेवला; उभ्या गाडीत चालकासह बसून दुवे ताणरहित जुळवले. मर्यादित घसरणीचे (एकच चाक मोकळे फिरू न देणारे) डिफरन्शिअल नीट काम करत नसेल तर हा सगळा खटाटोप व्यर्थ आहे, म्हणून त्याची तपासणी सर्वांत आधी करावी.

बसवण्याविषयी दोन सूचना. रबरी बुश असलेले बोल्ट चाके हवेत लटकत असताना कधीही पक्के आवळू नयेत, कारण रबर बाहेरच्या आणि आतल्या नळीला चिकटवलेले असते. लटकत्या स्थितीत आवळले तर गाडी खाली उतरताच ते कायमचे पिळलेले राहते, उंची बिघडते आणि काही महिन्यांत फाटते. गाडी रॅम्पवर किंवा ॲक्सलखालच्या स्टँडवर, चालत्या उंचीला असतानाच टॉर्क रेंचने आवळावे. आणि प्रत्येक नट आणि ब्रॅकेट यांवरून रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवावी. माझ्याकडे ३०० किलोमीटरनंतर डाव्या ब्रॅकेटच्या वरच्या बोल्टवरची रेघ तुटलेली दिसली. पुन्हा आवळल्यानंतर ती आजवर जुळलेली आहे.